एक सूर खाली

स्वेनबोर्ग, रविवार, ११ जानेवारी २०२६

राग्नहिल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, जिने दोन वर्षं दोन महिने माझा एकही फोन उचलला नाही, तिला प्रिय म्हणणं म्हणजे ढोंग. म्हणून नवा कागद घेतला.

आपल्या कोपऱ्यावरची लाल टपालपेटी काढून नेली, तुला माहीत आहे का? भिंतीवर चार भोकं राहिलीत. परवा भाचीला वाढदिवसाचं पत्र टाकायचं होतं, तर ते किराणा दुकानात, पार्सलांच्या काउंटरवर द्यावं लागलं. मागे दुधाच्या पिशव्या घेऊन रांग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अय्या, हाताने लिहिलेलं पत्र! कित्ती गोड!" मी म्हटलं, "त्यात गोड काही नाही, बाळ. तिकीट लाव." हे पत्रही तिच्याच हातात द्यावं लागणार. तेव्हा उत्तर पाठवलंस तर माझ्या कष्टांचं चीज होईल.

तू मार्स्टालला गेलीस ते गेलीस. मावशीचं रिकामं घर होतं, एरो बेटावरचे सगळे बेसूर पियानो तुझी वाट बघत होते, सगळं मान्य. पण सदतीस वर्षं ज्या वृंदात उभी राहिलीस, जो आपण दोघींनी तुझ्या स्वयंपाकघरात बसून सुरू केला, त्याला दोन ओळींची चिठ्ठी? 'माझा खर्ज आता लागत नाही. सर्वांना शुभेच्छा.' केक कुणी कधी आणायचा त्या तक्त्याशेजारी ती आठ महिने टाचलेली होती. शेवटी मीच काढली.

आता कामाचं सांगते. मे महिन्यात वृंदाला चाळीस वर्षं होतात. टिल्डेला तिची रचना, 'ओहोटी', पुन्हा व्हायला हवी आहे. ती आपल्या दोघींसाठी लिहिली होती हे तुला सांगायला नको, पण हल्ली लोक विसरतात, म्हणून मी प्रत्येकाला सांगत असते. चोवीसजणी, एकही वाद्य नाही, जवळजवळ शब्दही नाहीत. पाणी हटत जावं तसा एकेक आवाज गप्प होतो आणि शेवटी दोनच उरतात. सगळ्यांत वर मी, सगळ्यांत खाली तू, मधे नुसती मोकळी वाळू. टिल्डे त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती. आपल्या दोघींचे आवाज मापून, शिंप्याने अंगरखा बेतावा तशी तिने ती बेतली होती. त्यामुळे खाली दुसरी कुणी उभी केली की अंगरखा लोंबतो. तुझ्या जागी युट्टे उभी राहते. बिचारी मनापासून गाते. त्याहून जास्त बोलत नाही.

तर टिल्डेने त्या कार्यक्रमाचं रेडिओवाल्यांनी केलेलं ध्वनिमुद्रण शोधून काढलं. त्याच, वादळाच्या संध्याकाळचं. मोठ्या पुलावर वाऱ्यामुळे गाड्या थांबवल्या होत्या आणि ती स्वतः कोपनहेगनलाच अडकून पडली होती, आठवतं ना? तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. बुधवारी तालमीला आली ती संगणक घेऊन. सगळ्याजणी कप घेऊन भोवती बसलो. पहिला सूर वाजला आणि तिने लगेच बंद केलं.

"हे खाली आहे," ती म्हणाली.

आपला वृंदसंचालक आस्गर म्हणाला, "हो, त्या दिवशी आपण घसरलो होतो. खालच्या आवाजांकडून जरा..."

"घसरायला आधी चालावं लागतं, आस्गर. हा पहिला सूर आहे. अजून कुणी पाऊलही टाकलेलं नाही. सुरुवातच पूर्ण एक सूर खाली आहे."

आपल्याकडे नादकाटा ऐकून पहिला सूर कोण देतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्या पोरीने, योसेफीनेने (सव्वीस वर्षांची आहे, नवी आहे, आवाज चांगला आहे), विचारलं, "बोदिल, तुझा तो नादकाटा किती जुना आहे गं?"

"माझ्याहून जुना," मी म्हटलं. "शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टाचा आहे."

"मग बिचारा थकला असेल," टिल्डे म्हणाली. सगळ्या हसल्या. युट्टेने मला केकचा दुसरा तुकडा दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू माझ्या घरात कुणी गेलंय.

तेव्हा निकाल लागला. चूक तुझी नव्हती, काट्याची होती. तुला तुझा सर्वांत खालचा सूर लागला नाही, कारण तो एक सूर आणखी खाली गेला होता, आणि तिथे कुठलीच बाई पोचणार नाही. ही आनंदाची बातमी मी स्वतः कळवते आहे, याची नोंद घे. ये आता. तालीम बुधवारी संध्याकाळी सातला. फेरीबोटीचं वेळापत्रक सोबत आहे.

बोदिल

ता. क. त्या संध्याकाळी कोट घालताना मी तुला काही टाकून बोलले असेन, तर ते वादळामुळे. सगळ्यांचीच डोकी ठिकाणावर नव्हती.


स्वेनबोर्ग, सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय राग्नहिल,

(या वेळी कागद बदलत नाही.)

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मार्स्टालचं बंदर, उन्हाळ्यातलं, निळंशार. मागे एक ओळ: 'काटा एवढा उतरत नाही, बोदिल. अख्ख्या जन्मात उतरला तर केसभर.' सहीसुद्धा नाही.

चार दिवस मी भांडी आपटत होते. मी एवढ्या मोठ्या मनाने तुला निर्दोष ठरवते आणि तू मला धातूचे गुणधर्म शिकवतेस! पण तू पियानो लावणाऱ्याची मुलगी आणि स्वतःही जन्मभर तेच केलंस. तुझ्यापुढे काट्याची गोष्ट सांगणं म्हणजे मासेवालीला शिळं हेरिंग ताजं म्हणून विकणं. पाचव्या दिवशी मी काटा काढला, फोनमध्ये सूर मोजायची सोय असते त्यावर वाजवून पाहिला. तंतोतंत. न वाजवताच मला ते माहीत होतं.

तर लिहिते. एकदाच लिहीन. मधे बोलू नकोस.

त्या वर्षी माझा वरचा सूर गेला. एका दिवसात नाही गेला. ऑगस्टमध्ये दहातल्या आठ वेळा लागायचा, सप्टेंबरात पाच वेळा. ऑक्टोबरात मी घरी गाणं बंद केलं, कारण वरच्या मजल्यावरचे ते सज्जन शिक्षक जिन्यात म्हणाले, "तुमची मांजर बरी आहे ना?" माझ्याकडे मांजर नाही. मग मी गाडी काढून समुद्रकाठच्या पार्किंगमध्ये जायचे, काचा वर करायचे, तोंडात ज्येष्ठमधाची गोळी ठेवायचे आणि प्रयत्न करायचे. पाण्यात पोहायला उतरणारी म्हातारी माणसं माझ्याकडे बघून हात हलवायची. मीही हलवायचे.

आस्गरला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण कार्ला आठवते ना? तिला वरच्या आवाजातून खालच्यात पाठवलं तेव्हा सगळ्यांसमोर मीच म्हटलं होतं, "ये कार्ला, निवृत्तांच्या डब्यात खिडकीची जागा रिकामी आहे." सगळ्या हसल्या. कार्लाही हसली. पुढच्या बुधवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी असं बोललेली बाई. मी कुठल्या तोंडाने जाऊन सांगणार की मलाही आता तो डबा लागेल?

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता टिल्डेचा फोन आला की पूल बंद आहे, ती येऊ शकत नाही. साडेपाचला मी ठरवलं. आपल्यात तिचाच कान असा होता की ज्याला नुसता सूर ऐकून पट्टी कळते. आस्गरला कळत नाही, बाकीच्यांना तर नाहीच. वादळाने मोह घातला असं म्हणायची सोय आहे. पण वादळाने फक्त दार उघडलं, आत मी चालत गेले.

तू माझ्या डावीकडे होतीस. मी काटा गुडघ्यावर मारला, कानामागच्या हाडावर टेकवला. नऊ वर्षांच्या होतो तेव्हा सिस्टर बेनेडिक्टाने शिकवलं तसा. ती काय म्हणायची? "हा सूर फक्त तुला ऐकू येतो, बोदिल. बाकीच्यांसाठी तू सांगशील तोच खरा. म्हणून सूर देणाऱ्या मुलीने आदल्या दिवशी पापनिवेदन करून यावं." आपण दोघी बाकाखाली तोंड लपवून किती हसलो होतो.

काट्याने बरोबर सांगितलं. मी ओठ मिटले आणि पूर्ण एक सूर खाली गुणगुणले.

तुझा शेवटचा सूर तुझ्या गळ्याच्या तळाशी होता. जिना उतरत तू अगदी शेवटच्या पायरीवर यायचीस. मी तुला तिच्याही खालच्या पायरीवर पाठवलं, आणि ती पायरीच नव्हती. हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं, राग्नहिल. मोजून माहीत होतं. म्हटलं, एक क्षण तर आहे, निभावून नेईल. ती नेहमी निभावते.

बावीसजणी एकेक करून गप्प झाल्या. माझा सूर सुंदर लागला. लागणारच, तो तो नव्हताच. आणि खालून तुझ्याकडून नुसता वारा आला. लोक उठून उभे राहिले. कुणीतरी माझ्या हातात पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ दिला. तो मी घरी आणून नऊ दिवस पाण्यात ठेवला, हेही लिहून टाकते.

मग ती कोटांची खोली. आस्गर म्हणाला, "कुठेतरी घसरलो आपण." युट्टे म्हणाली, "खालच्यांनी ओढलं का?" तू बाही शोधत होतीस. तू म्हणालीस, "माझंच असेल," आणि माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा मी नुसती गप्प राहिले असते तर आज मला इतकं लिहावं लागलं नसतं. पण मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "वय झालं की खाली बसावं, राग्नहिल. सगळ्यांना घेऊन खाली जाऊ नये."

कुणीतरी हसलंही. माझं बोलणं लोकांना हसवतं, ही माझी जन्माची मिजास.

गेल्या आठवड्यात फादर त्वानकडे गेले. जाळीपलीकडून तो सगळं शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, एक सूर म्हणजे नक्की किती?"

मी म्हटलं, "पियानोवर दोन पट्ट्या, फादर."

"आणि दोन पट्ट्यांनी एवढं होतं?"

"होतं."

 मग म्हणाला, "हे कुठल्या आज्ञेत बसतं मला नीट कळत नाही, बहुतेक आठवीत. खोटी साक्ष. पण मला का सांगताय? मी तर तिथे गात नव्हतो." व्हिएतनामातून नावेत बसून आलेल्या माणसाचा मुलगा; त्याला माझ्या पापाचा आकार फार लहान वाटला असणार. मला ते दोन वर्षं गिळवत नाहीये.

अजून एक. टिल्डेने ते ध्वनिमुद्रण मला पाठवलंय. रात्रभर ते टाळलं, सकाळी कानाला लावून ऐकलं. शेवट पुन्हा पुन्हा लावला. माझा आवाज वर लखलखतोय, बाजारातल्या काचेसारखा. आणि खाली, अगदी खाली, आधी श्वास. मग पुन्हा श्वास. आणि मग, राग्नहिल, तो सूर आहे. दोन सेकंद असेल. खरखरीत, नावेचा तळ वाळूला लागावा तसा, पण आहे. टिल्डेने जो लिहिलाच नव्हता, तुझ्या गळ्यात जो नव्हता, तो. चर्चमध्ये कुणाला ऐकू आला नाही, कारण मी वरून ओतत होते. तू खाली पोचली होतीस.

आता हे तुला कळलं, फादरला कळलं. आणखी कुणाला कळायला हवंय का? काटा धातूचा आहे, त्याला कसली अब्रू? लोकांनी त्यालाच दोष दिलाय तर देऊ दे. तू ये. मी घशाचं निमित्त करून वरचा सूर योसेफीनेला देईन आणि कुठेतरी मधे उभी राहीन. कुणाला काही विचारायचं कारण उरणार नाही.

तुझी,
बोदिल


स्वेनबोर्ग, गुरुवार, ५ मार्च २०२६

प्रिय राग्नहिल,

दुसरं कार्ड मिळालं. पुन्हा तेच बंदर. घाऊक घेऊन ठेवलीस की काय?

पाठ झालंय मला ते. 'मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. सुरावरून नाही. खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात, शाळेपासून. गुणगुणलीस तेव्हा डावा कान बिटासारखा झाला होता. काट्याला दोष देणार असाल तर मी येणार नाही. तो सिस्टरचा आहे.'

म्हणजे 'माझंच असेल' म्हणताना तुला माहीत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला बोलायला जागा करून देण्यासाठी, आणि त्या जागेत मी काय बोलले! त्यानंतर 'माझा खर्ज लागत नाही' अशी खोटी चिठ्ठी तू लिहिलीस, जी आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस. दोन वर्षं माझी अब्रू पदराखाली घेऊन बेटावर बसलीस, आणि मी मात्र इथे प्रत्येकीला सांगत होते की राग्नहिल हट्टी आहे. फोनवर चार शिव्या घातल्या असत्यास तर सोपं गेलं असतं मला. ते तुलाही ठाऊक होतं म्हणा.

तीन आठवडे काढले मी. काल आपली वार्षिक सभा झाली.

सभेचा शेवटचा विषय तुला माहीतच आहे: 'इतर'. आपणच नियमावलीत लिहिलं होतं, तुझ्या स्वयंपाकघरात: या विषयाखाली कोणालाही काहीही बोलता येईल, मात्र काहीही ठरवता येणार नाही. मी खूप विचार करून ती जागा निवडली. भित्रेपणाच आहे तो, कबूल करते. म्हटलं, निदान तिथे कुणाला माझ्यावर ठराव आणता येणार नाही.

माझ्या आधी युट्टे उठली. कोण कप न धुता जातं ते तिला माहीत आहे आणि ती नाव घेणार नाही, असं सांगून तिने योसेफीनेकडे बघितलं. मग मी उठले.

फार बोलले नाही. म्हटलं, "काटा चांगला आहे. तो कधीच बिघडला नव्हता. त्या वादळाच्या संध्याकाळी मी मुद्दाम एक सूर खाली दिला, कारण मला वरचा लागत नव्हता आणि तुम्हाला ते कळू द्यायचं नव्हतं. राग्नहिलने कुणाला खाली ओढलं नाही. मी तिला ढकललं, आणि मग सगळ्यांसमोर तिच्या वयावर बोलले. ती माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान आहे."

दोन्ही कान जळत होते. खरं बोलतानाही होतात, हे आता कळलं.

 कॉफीचं थर्मास तेवढं सूं करत होतं. मग युट्टे म्हणाली, "आणि मी मेली दोन वर्षं तिला ख्रिसमसला खोकल्याचा काढा पाठवतेय!" तिचं तोंड असं झालं होतं की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते. मग ती एकदम रडायला लागली. "दोन वर्षं मी तो सूर घासतेय, बोदिल. दर बुधवारी घरी जाताना मला वाटायचं, राग्नहिलला जमायचं, मला का जमत नाही. आणि तू शेजारी उभी राहून मला सांगायचीस, पोटातून गा, पोटातून गा!"

टिल्डे नसली की तालमीतही मी सूर तितकाच खाली देत आले, पण हे माझ्या हिशोबात नव्हतंच, बघ. मला वाटत होतं मी एकीचंच वाईट केलंय.

आस्गर खाली बघून म्हणाला, "मी समोर उभा होतो. सगळं जरा काळोखं वाटतंय असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, वादळ आहे." त्यालाही लाज वाटत होती, माझ्यामुळे. त्याचं वय माझ्या निम्मं आहे.

सगळ्यांत वाईट केलं ते योसेफीनेने, आणि ती किती प्रेमाने बोलली. म्हणाली, "तू माझ्या आधीच्या कुणाला तरी सांगायचं होतंस ना. शेजारची हळूच तुझ्याबरोबर गायली असती. तुझा सुटला असता तिथे तिने धरला असता. कुणाला कळलंही नसतं." श्वास आळीपाळीने घ्यायचा, एकीचा संपतो तिथे दुसरीने सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं कुणी श्वास घेतच नाही. पहिल्या दिवशी आलेल्या मुलीला आपण हेच शिकवतो. चाळीस वर्षं मी शिकवते आहे. आणि मला स्वतःला एकदाही सुचलं नाही की ते माझ्यासाठीही आहे.

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला काढून टाकायला हवं." सभाध्यक्षांनी नियमावली उघडली, चष्मा लावला आणि म्हणाले की 'इतर' या विषयाखाली ठराव घेता येत नाही. मी म्हटलं, "गरज नाही. मी जाते आहे. ठरावाशिवाय."

मग सभा संपल्याचं गाणं. ते झाल्याशिवाय या देशात कुणी खुर्चीवरून उठत नाही, तुला सांगायला नको. सगळ्या उभ्या राहिल्या आणि सवयीने, केवळ सवयीने, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काटा माझ्या खिशात होता. मी हात बाहेरच ठेवले. इतका वेळ शांतता झाली की बाहेर सायकलची घंटी ऐकू आली. शेवटी युट्टेनेच नाक पुसून सुरुवात केली, इतकी खाली की दुसऱ्या ओळीला सगळ्या सीलमाशांसारख्या गुरगुरायला लागल्या. कुणीतरी फिस्कन हसलं. तिसऱ्या कडव्याला बंद पडलं, पुन्हा सुरू केलं, या वेळी फार वर. मी गायले नाही. पण दारापाशी ऐकत उभी राहिले. माझ्या सुराशिवाय त्यांनी ते संपवलं.

पुढचं तुझ्या हातात आहे. सोबत काटा पाठवते आहे, लोकरी मोज्यात गुंडाळून. सिस्टरने तो मला दिला तेव्हा तुला म्हणाली होती, "तुला काट्याची गरज नाही, राग्नहिल, तू स्वतःच सरळ आहेस." त्या वेळी मला वाटलं होतं, मी जिंकले. आता सूर तू दे. तुझे कान कधी लाल होत नाहीत.

मला उत्तर लिहू नकोस, टिल्डेला लिही. ती आणि आस्गर वाट बघताहेत. वरचा सूर योसेफीने गाईल. मी तिला ऐकलंय. फळीवरून बरणी काढावी इतक्या सहज काढते, आणि मला त्याचा राग येतो, पण तो माझा मी बघून घेईन. 'ओहोटी' मूळ पट्टीत होईल. तुझी शेवटची पायरी जिथे होती तिथेच असेल.

कार्लाचा पत्ता शोधते आहे. ओडेन्सला मुलीकडे असते म्हणे. तिलाही एक पत्र जायला हवं. काउंटरवरची ती मुलगी आता मला बघूनच तिकीट काढते.

कार्यक्रम शनिवारी, १६ मेला, दुपारी चार वाजता. मी तिकीट काढलंय. डावीकडच्या जाड खांबामागची जागा आहे, तिथून दिसत काहीच नाही, त्यामुळे कुणी घेत नाही. तू मान वळवलीस तरी तुला माझे कान दिसायचे नाहीत.

तुझा सूर मात्र तिथवर येतो. आज सकाळीच जाऊन बसले आणि ऑर्गनवाल्याला तोच खर्ज वाजवायला सांगून बघितलं.

बोदिल